एका कानाचे जग

मराठी व्याकरणाने डोळ्याला जो मान दिला तो कानाला दिलेला नाही. एक डोळा, दोन डोळे. परंतु एक कान, दोन कान. हात आणि पाय यांचीही गत तीच खरी. पण दुसऱ्या हाताचा किंवा दुसऱ्या पायाचा उपयोग काय, असे कोणी विचारीत नाही. कानाच्या बाबतीत व्याकरणाचा निकाल लोकांनीही मनोमन मान्य केलेला दिसतो. एका डोळ्याने अधू झालेल्या मनुष्याकडे जग कणवेने पाहते. एका कानाने बहिऱ्या झालेल्या मनुष्यास ते 'दुसरा शाबूत आहे ना?' एवढेच विचारते आणि पुढच्या विषयाकडे वळते. खरे सांगावयाचे तर पंचावन्न वर्षेपर्यंत आमचेही मत याहून निराळे नव्हते. दुसरा कान ही विधात्याने अडीअडचणीसाठी दिलेली शिलकी जोड असावी, अशीच आमची समजूत होती. शिवाय आम्ही पडलो लिहिताना स्वतःस अनेकवचनी म्हणवून घेणारे; एखादा अवयव एकवचनात गेल्याने आमच्या बहुवचनास धक्का पोहोचेल, अशी शंका आम्हांस कोठून यावी?

सन २०२५ च्या आषाढात हा भ्रम फिटला. पनवेलला चार दिवस झड लागून राहिली होती. पहाटे जाग आली तेव्हा खिडकीबाहेर पाऊस कोसळत होता. आम्ही सवयीने उजव्या कुशीवर वळलो आणि पाऊस थांबला. पुन्हा उताणे झालो, पाऊस सुरू. पुन्हा कूस बदलली, पाऊस बंद. मेघांवर अशी सत्ता चालविण्याचे भाग्य पुराणांतदेखील फार थोड्यांच्या वाट्यास आले आहे, आणि अंथरुणात पडल्यापडल्या तर बहुधा कोणाच्याच नाही. दोन-चार वेळा आम्ही हा खेळ करून पाहिला, हेही कबूल केले पाहिजे. उठून बसल्यावर ध्यानात आले की, डावा कान कापूस कोंबल्यासारखा झाला आहे, त्यात एक बारीक शीळ अखंड चालू आहे, आणि काल रात्रीपर्यंत चारी बाजूंनी पडणारा पाऊस आता केवळ आमच्या उजवीकडे पडत आहे.

सौभाग्यवतींनी त्याच वेळी म्हटले, "अहो, आजच दाखवून या." आम्ही म्हटले, "सर्दी आहे, दोन दिवसांत उतरेल." मग कानात पाणी गेले असेल, मळ फुगला असेल, असे एकामागून एक तर्क झाले. लसूण घालून कोमट केलेले तेल कानात सोडून झाले. दोन दिवसांचे आठ झाले, आठांचे वीस झाले. परीक्षेचे काम होते, पाऊस होता, आणि उजवा कान होताच.

या वीस दिवसांतील पहिल्या दिवसाची आठवण आम्हांस सुखाने झोपू देत नाही. त्या दिवशी अकराच्या तासाला आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना अनुनाद शिकवीत होतो. पदार्थविज्ञानाचा अध्यापक म्हणून अठ्ठावीस वर्षे आम्ही तो धडा शिकवीत आलो आहोत. रबरी ठोकळ्यावर नादकाटा आपटावयाचा, हवेत धरला असता त्याचा आवाज किती क्षीण असतो ते दाखवावयाचे, आणि मग त्याचा दांडा टेबलाच्या फळीवर टेकवून सारी खोली नादाने भरून टाकावयाची. मुलांना हा प्रयोग आवडतो, आम्हांसही आवडतो. त्या दिवशी तो आम्ही तीन वेळा केला. तोच दांडा, एकदाच, टेबलाऐवजी स्वतःच्या कपाळाच्या मध्यावर टेकविण्याची बुद्धी आम्हांस झाली नाही.

एकविसाव्या दिवशी कानाच्या डॉक्टरांनी तेच केले. आमच्या हातातल्यासारखाच नादकाटा त्यांनी आपल्या गुडघ्यावर आपटला, आमच्या कपाळावर टेकविला आणि विचारले, "कोणत्या कानात ऐकू येतो?" आम्ही म्हणालो, "उजव्या." आणि म्हणता म्हणताच या उत्तराचा अर्थ आम्हांस कळला. कपाळाच्या हाडातून जाणारा नाद दोन्ही आतल्या कानांपर्यंत सारखाच पोहोचतो. बाहेरच्या मार्गात मळ, पाणी किंवा सूज यांचा नुसता अडथळा असेल, तर हा नाद नवल वाटावे असा त्या अडलेल्याच कानात मोठा ऐकू येतो. आतला कान किंवा त्याची नस निकामी झाली असेल, तर तो निरोगी कानाकडे जातो. लाइपझिगच्या एर्न्स्ट वेबर यांनी ही गोष्ट १८३४ साली नोंदवून ठेविली आहे. म्हणजे मळ की नस, हा प्रश्न सोडविण्याचे साधन पहिल्याच दिवशी आमच्या हातात होते, त्याची उपपत्ती आमच्या डोक्यात होती, आणि दोहोंमधील एका हाताचे अंतर आम्ही ओलांडले नाही.

डॉक्टर भले होते. ते रागावले नाहीत. त्यांनी इतकेच सांगितले की, असा अकस्मात आलेला बहिरेपणा बहुधा एकाच कानास येतो, त्याचे कारण बहुतेकांच्या बाबतीत सापडत नाही, आणि पहिल्या पंधरवड्यात, तेही जितक्या लवकर तितके चांगले, औषध सुरू झाले तर कान परत येण्याची आशा अधिक असते. तेव्हाही खात्री नसते. पण आशा असते. त्यांनी उशिराने का होईना, औषध दिले. कान परत आला नाही. वाचकांपैकी कोणास एखाद्या सकाळी पाऊस एकाच बाजूस पडताना दिसला, तर त्याने तेलाची वाटी बाजूस ठेवून त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांचा जिना चढावा, एवढ्या उपदेशाचा अधिकार आम्ही पुरेशी किंमत देऊन मिळविलेला आहे.

आता मुख्य गोष्ट. आम्हांस ऐकू कमी येते, असे आमच्या परिचितांस वाटते आणि ते आमच्याशी मोठ्याने बोलतात. वस्तुतः उजवा कान तरण्याबांड मनुष्याचा असावा तसा आहे. घड्याळाची टिकटिक ऐकू येते, दुधाचे उतू जाणे ऐकू येते, शेजाऱ्यांचे न ऐकावयाचे तेही ऐकू येते. गेले आहे ते निराळेच काही. आवाज येतो, पण तो कोठून येतो हे कळत नाही. किंबहुना प्रत्येक आवाज उजवीकडूनच येतो. वर्गात एका विद्यार्थिनीने प्रश्न विचारला. आम्ही उजव्या हाताच्या बाकांकडे पाहून मोठ्या आस्थेने "चांगला प्रश्न आहे" असे म्हणालो, आणि ती बिचारी डाव्या कोपऱ्यात उभी होती. मुले हसली नाहीत, याचेच आम्हांस अधिक वाईट वाटले. जुन्या पुणे रस्त्यावर मालमोटारीचा भोंगा वाजला की आम्ही उजवीकडे दचकतो आणि मालमोटार डावीकडून अंगावरून निघून जाते. घरात "अहो" अशी हाक आली की आम्ही गॅलरीत जातो, तेथून निजण्याच्या खोलीत, तेथून पुन्हा दिवाणखान्यात. आणि हाक मारणारे माणूस स्वयंपाकघरातून हे दिग्भ्रमण निमूटपणे पाहत असते.

आवाजाची दिशा कशी कळते, हे आम्ही अठ्ठावीस वर्षे फळ्यावर काढून दाखवीत आलो आहोत. एक वर्तुळ म्हणजे डोके, त्यावर दोन टिंबे म्हणजे कान, आणि बाजूने येणाऱ्या समांतर रेघा म्हणजे ध्वनिलहरी. डावीकडून आलेल्या लहरीस डोक्याला वळसा घालून उजव्या कानापर्यंत जाण्यास सुमारे वीतभर वाट अधिक चालावी लागते. ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर चालतो. तेव्हा ही वीतभर वाट तो सेकंदाच्या सुमारे पंधराशेव्या भागात आटोपतो. यापलीकडे दोन कानांतील अंतराने उशीर होऊच शकत नाही. आवाज समोरून जितका जवळ, तितका हा उशीर कमी. आणि मेंदू यातून काय काढतो? सेकंदाच्या लाखाव्या भागाइतका फरकही त्यास उमगतो, आणि त्यावरून ठीक समोरच्या आवाजाची जागा तो एका अंशाच्या आसपास अचूक सांगतो. टाळी वाजवून हाताचे तळवे विलग होण्याच्या आत हा हिशेब पुरा झालेला असतो, आणि तो आपण केला हे आपल्या गावीही नसते.

या हिशेबाची दोन कलमे आहेत, हे लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली दाखवून दिले. त्याच्या कितीतरी वर्षे आधी ते आपल्या बागेतील हिरवळीवर डोळे मिटून उभे राहत आणि भोवती माणसे उभी करून, कोण कोणीकडून बोलले ते ओळखून पाहत. माणसांचे बोलणे त्यांस अचूक कळे. नादकाट्याचा शुद्ध स्वर उजवीकडचा की डावीकडचा तेही कळे. पण तो स्वर पुढून आला की मागून, हे कळत नसे. ढोलाचा खालचा स्वर मोठ्या लांबीच्या लहरींचा असल्याने डोक्याला सहज वळसा घालून जातो; त्याची दिशा कळते ती वेळेच्या फरकावरून. झांजेचा वरचा स्वर आखूड लहरींचा. त्यास डोके ओलांडवत नाही, आणि पलीकडच्या कानावर डोक्याची सावली पडते. प्रकाशाची सावली सर्वांस ठाऊक आहे. आवाजाचीही सावली पडते आणि ती आपल्याच मस्तकाची असते, हे वाक्य आम्ही दरवर्षी उच्चारीत असू. आता आमचे अर्धे जग त्या सावलीत आहे.

पुढचे आणि मागचे यांतील घोळ आपण मान वळवून सोडवितो. 'कानोसा घेणे' हा शब्द ज्याने घडविला त्याने हे नीट पाहिले असले पाहिजे. कारण कानोसा घेणारा मनुष्य नुसता ऐकत नाही, तो मान किंचित कलती करून आवाजाची जागा शोधीत असतो. वरचे आणि खालचे ठरविण्याचे काम बाहेरच्या कानाच्या वळ्यांकडे आहे. शाळेत गुरुजींनी पिरगाळण्याखेरीज ज्यांचा काही उपयोग आहे असे आम्हांस वाटले नव्हते, त्या वळ्या येणाऱ्या आवाजाचा पोत दिशेप्रमाणे किंचित बदलतात, असे अमेरिकेतील ड्वाइट बॅटो यांनी १९६७ साली मांडले. जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर राहणाऱ्या गव्हाणी घुबडाने तर याच्याही पुढे मजल मारली आहे. त्याच्या एका कानाचे भोक दुसऱ्याहून वर असते, त्यामुळे डाव्या-उजव्याप्रमाणेच वरच्या-खालच्याचाही हिशेब त्यास दोन कानांच्या तुलनेने करता येतो, आणि काळोखात गवतातल्या उंदराच्या नुसत्या खसखशीवर ते झडप घालते. दोन कानांकडून येणारे संदेश मेंदूतील निरनिराळ्या लांबीच्या वाटांनी येऊन जेथे एकाच क्षणी भेटतात तेथे दिशा ठरते, अशी कल्पना लॉइड जेफ्रेस यांनी १९४८ मध्ये केली होती; पुढे घुबडाच्या मेंदूत तशी रचना खरोखरच सापडली. माणसाच्या मेंदूत ती तशीच आहे की नाही, याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप वाद आहे.

हे सर्व ठाऊक असूनही, दोन कान आपणांस केवळ दिशा देतात असे आम्ही समजत होतो. ते आपणांस घर देतात, हे आता समजले.

आमचे बालपण पनवेलच्या एका जुन्या आळीतील वाड्यात गेले. तो वाडा आता नाही; त्या जागी इमारत उभी राहिली त्यास पुष्कळ वर्षे झाली. सातव्या-आठव्या वर्षी आम्हांस गोवर निघाला आणि डोळ्यांना उजेड सोसेना म्हणून माजघराशेजारच्या अंधाऱ्या खोलीत आठ दिवस निजवून ठेविले होते. त्या आठ दिवसांत आम्ही काही पाहिले नाही, आणि तरीही वाड्यात काय चालले आहे हे आमच्याइतके कोणासच ठाऊक नव्हते. पायांकडे, ओटीवर, झोपाळ्याच्या कड्या करकरत. त्यावर आजोबा आहेत की पाहुणे, ते कड्यांच्या लयीवरून कळे. उशाशी, परसात, विहिरीचा रहाट. डाव्या हाताला भिंतीपलीकडे आईच्या बांगड्या आणि जात्याची घरघर. वर माळ्यावर उंदीर, आणि त्याहीवर कौलांवर पाऊस. उजवीकडे, पण दूर, वडाळे तळ्याच्या दिशेने सायंकाळच्या घंटेचा नाद. डोळ्यांस समोरचे तेवढेच दिसते. कान पाठीमागेही पाहतात, भिंतीपलीकडेही पाहतात, आणि अंधारातही मिटत नाहीत. त्या वाड्याचे जे चित्र आमच्या मनात आहे त्याच्या भिंती डोळ्यांनी रंगविल्या असतील. नकाशा कानांनी काढला.

आणि हे भिंतींमुळे अवघड होत नाही, हीच मौज आहे. बंद खोलीत प्रत्येक आवाज भिंतींवर, तुळयांवर, फरशीवर आपटून शेकडो वाटांनी परत येतो. न्यायाने पाहता प्रत्येक भिंतीतून एकेक आई बोलली पाहिजे. पण कान पहिल्या लहरीची दिशा खरी मानतो आणि मागाहून आलेल्यांना तिचा लवाजमा समजतो. हा नियम १९४९ साली हान्स वॉलाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगांनी सिद्ध केला. मागून आलेल्या त्या लहरी फुकट जात नाहीत. खोली लहान की मोठी, भरलेली की रिकामी, हे त्या सांगतात. कॉर्नेल विद्यापीठातून १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अंध माणसांना आणि डोळे बांधलेल्या डोळसांना भिंतीकडे चालावयास लावले होते. आपणांस चेहऱ्याच्या कातडीवर भिंत जाणवते, असे अंधांपैकी काहींचे म्हणणे होते. पण कान बंद केले तेव्हा ते भिंतीवर जाऊन आदळले. आपल्याच पावलांचा परतलेला आवाज त्यांस भिंत दाखवीत होता. आमचा वाडा पाडण्यापूर्वी सामान हलविल्यावर आम्ही एकदा माजघरात उभे राहून खाकरलो होतो. तो आवाज आमचा नव्हता, परक्या घरातला होता. त्या दिवशी वाडा गेला, तो पाडण्याच्या आधीच गेला.

आता आषाढातील पाऊस हा एक ढीग आहे. पूर्वी केळीच्या पानांवरचा पाऊस केळीपाशी पडे, पत्र्यावरचा पत्र्यावर, पन्हाळीतला पन्हाळीत. आता हे सारे आवाज कोणी पोत्यात भरून उजव्या कानापाशी ओतावेत तसे येतात. लग्नाच्या पंगतीत हाच अनुभव. शंभर माणसे बोलत असता शेजाऱ्याचे तेवढे ऐकणे, ही जी किमया आपण सारे करतो, तिचा अभ्यास कॉलिन चेरी यांनी १९५३ साली केला. दोन माणसांचे बोलणे दोन निरनिराळ्या कानांत सोडले तर त्यांतील हवे ते सहज निवडता येते. तीच दोन बोलणी एकत्र करून ऐकविली तर निवडणारा मेटाकुटीस येतो. गर्दीत दिशा हाच चिमटा असतो. त्याने हवे ते शब्द उचलावयाचे. तो चिमटा हरवल्यापासून आम्ही पंगतीत प्रत्येक बोलण्यास मान डोलावतो. या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देण्याची जुनी सोयही आता राहिली नाही. जे आत येते ते आतच कोंडून राहते.

२५ डिसेंबर २०२५ पासून आमच्या शेजारच्या नव्या विमानतळावर विमानांची ये-जा सुरू झाली. सारे गाव गच्चीवर येऊन आकाशाकडे पाहू लागले. विमान एक किलोमीटर उंच असेल तर त्याचा आवाज खाली येण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. म्हणून आवाजाच्या जागी न पाहता त्याच्या थोडे पुढे पाहावयाचे, हे आम्हीच शेजारच्या मुलांना समजावून सांगितले. मुलांना लगेच साधले. आम्ही मात्र मुलांची बोटे पाहून विमान शोधीत होतो.

दोन कानांची माणसेही कित्येकदा आमच्या पंक्तीस येऊन बसतात, हा एक समाधानाचा भाग आहे. खोलीत रातकिडा शिरला तर साऱ्या घराने शोधूनही तो सापडत नाही. कारण त्याचा स्वर वरचा, एकसुरी आणि न तुटणारा, म्हणजे वेळेचा हिशेब जुळविण्यास सर्वांत वाईट. लहान पक्षी ससाणा दिसताच जो बारीक, लांब, कडा नसलेला इशारा देतात त्याचाही पत्ता लागणे कठीण असते, आणि तो तसा असण्यातच इशारा देणाऱ्याचे हित आहे, असे पीटर मार्लर यांनी १९५५ साली दाखविले. कर्नाळ्याच्या रानात हा इशारा ऐकू आला तर आमचे सोबतीही आमच्याइतकेच भांबावून चारी दिशांस पाहतील. अशा वेळी आम्हांस त्यांच्याविषयी फार बंधुभाव वाटेल.

पण या सर्व प्रकरणात आम्हांस पुनःपुन्हा आठवण होते ती दशरथाची. शब्दवेधी बाणाची विद्या आपल्याकडे मोठी समजतात, आणि ती कानांचीच विद्या आहे. वर्षा ऋतूतील रात्र, शरयूचा काठ, काळोखात घडा भरल्याचा बुडबुड आवाज. दशरथास वाटले, हत्ती पाणी पीत आहे. त्याने बाण सोडला, आणि बाण नेमका जेथे जावयाचा तेथेच गेला. त्याचे कान इतके खरे होते की, ते थोडे खोटे असते तर श्रावण वाचता. पुढे तो राजा पाणी घेऊन त्या आंधळ्या मातापित्यांकडे गेला, तेव्हा पावलांचा आवाज ऐकून पित्यास वाटले की, मुलगाच आला. आणि 'इतका वेळ का लावलास' असे त्याने विचारले. ज्यांचे सारे जग कानांवर चालले होते त्यांनाही पावले येत आहेत हे कळले, ती कोणाची हे कळले नाही. लहानपणी या कथेत आम्हांस श्रावणाचे दुःख होई, पुढे मातापित्यांचे होऊ लागले. आता दशरथाविषयी विचार येतो. त्यास 'कोठे' हे कळले आणि 'कोण' हे कळले नाही. आम्हांस 'कोण' हे पहिल्या अक्षरापासून कळते. 'कोठे' हे कळत नाही. त्याच्या अज्ञानाने एक जीव गेला, आमच्याने केवळ चार खोल्यांतून हेलपाटे होतात. तेव्हा तक्रार करावी असे यात काही नाही, असे आम्ही स्वतःस बजावतो; आणि तरीही आपल्या माणसाचा आवाज ओळखीचा असून तो जगात कोठेच नसावा, यात एक विलक्षण एकाकीपण आहे, ते बजावल्याने जात नाही.

नेदरलंड्समध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग डॉक्टरांच्या जिन्यावरून उतरल्यानंतर काही दिवसांनी आम्ही पुन्हा वाचला. काही प्रौढ माणसांच्या बाहेरच्या कानांच्या खळग्यांत साचे बसवून त्यांच्या वळ्यांचा आकार बदलला. तत्काळ त्यांस वरचे-खालचे कळेनासे झाले. पण साचे दिवसरात्र घालून ती हिंडली-फिरली आणि काही आठवड्यांत, कोणी न शिकविता, त्यांचे कान नव्या आकाराची भाषा शिकले. साचे काढल्यावर जुनी भाषाही जशीच्या तशी शिल्लक होती. एका कानाने जन्मभर चालविणाऱ्या काही माणसांना त्या एकाच कानाच्या वळ्यांवरून डावे-उजवे बऱ्यापैकी ओळखता येते, असेही आढळून आले आहे. सर्वांना नव्हे; काहींना. आमच्या वयास ती विद्या कितपत येईल, हा प्रश्न आहे. पण गोवराच्या आठ दिवसांत जर आम्ही एक वाडा शिकलो, तर चार खोल्या शिकावयास काय हरकत आहे?

म्हणून सायंकाळी आमच्या गच्चीवर एक नवी शाळा भरते. आम्ही डोळे मिटून मध्यभागी उभे राहतो, आणि सौभाग्यवती अनवाणी भोवती फिरून कोठेतरी थांबतात व हातातील बांगड्या वाजवितात. आम्ही बोट दाखवावयाचे. बांगड्यांचा आवाज वरच्या स्वरांनी भरलेला असल्याने वळ्यांना त्यात काही वाचण्याजोगे सापडते. नुसत्या हाकेत ते कमी असते. पहिल्या दिवशी आमचे प्रत्येक बोट उजवीकडे गेले. अलीकडे कधी कधी ते बरोबर जाते, आणि मग गच्चीवर जो आनंद होतो तो पाहून शेजारच्या इमारतीतील लोकांनी आमच्याविषयी काय ग्रह करून घेतला असेल, याचा आम्ही विचार करीत नाही.

टेलिफोनवर कोणाचा आवाज आला की आपला पहिला प्रश्न असतो, 'कोठून बोलता?' फोन कानाला लावला की सारे जगच एका कानाचे होते, हे त्या प्रश्नामागचे कारण असावे. आम्ही तो प्रश्न घरातही विचारू लागलो. "कोठून बोलतेस?" असे प्रथम विचारले तेव्हा "घरातूनच, आणखी कोठून!" असे उत्तर मिळाले, आणि दोघेही हसलो. आता रस्त्याने जाताना त्या आमच्या उजव्या बाजूस चालतात. डावीकडून वाहन आले तर कोपराला स्पर्श करतात. वर्गातील मुले प्रश्न विचारण्यापूर्वी हात वर करून थांबतात. नादकाट्याचा धडा आला की टेबलाच्या आधी तो आम्ही प्रत्येकाच्या कपाळावर टेकवावयास लावतो, आणि का, तेही सांगतो.

परवा रात्री जोराचा वारा सुटला आणि आळीतील दिवे गेले. आम्ही दिवाणखान्यात वाचीत बसलो होतो. डोळ्यांपुढे काही उरले नाही. त्या काळोखात "अहो" अशी हाक आली. ती नेहमीप्रमाणे उजवीकडून आली, म्हणजे कोठूनही आली असेल. आम्ही उठलो, पण पाऊल उचलले नाही. विचारावे की न विचारावे, अशा बेतात होतो. तोच पुन्हा आवाज आला, "देवघरापाशी आहे. तुमच्या डाव्या हाताला." आणि पाठोपाठ बांगड्या वाजल्या.

आम्ही डावा हात पुढे केला.